संध्याकाळचं वेगळं तिकीट

मला राइड्स आवडत नाहीत. अंगावर पट्टे आवळून घ्यायचे, उलटं टांगून घ्यायचं आणि खाली उतरल्यावर पांढऱ्याफटक चेहऱ्याने ‘काय मजा आली’ म्हणायचं, हे मला कधी जमलंच नाही. तरीही थीम पार्कला जायचं ठरलं की सगळ्यांच्या आधी मी तयार असते, ती संध्याकाळसाठी. दिवसभर मी बरोबरच्यांच्या पिशव्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या राखत बाकावर बसते. ऊन उतरलं की माझी पाळी येते.

दुपारच्या उन्हात अशा जागेची सगळी बनवाबनवी उघडी पडलेली असते. किल्ल्याचे दगड पोकळ आहेत हे कळतं, झाडाच्या ढोलीतला स्पीकर दिसतो, डोंगराच्या पाठीमागे कुठलंतरी यंत्र घरघरत असतं. दिवे लागले की हे सगळं अंधारात जातं आणि जे दाखवायचं आहे तेवढंच उरतं. पोरं दमून कडेवर आलेली असतात, मोठ्यांचं ‘चल, अजून एक’ संपलेलं असतं, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो माणसं रस्त्याच्या कडेला मांडी घालून एकाच दिशेला तोंड करून बसतात. कुणीतरी शेजारच्याला सरकून जागा देतं. पार्कातली दिव्यांची मिरवणूक यायच्या आधीचा हा अर्धा तास मला मिरवणुकीइतकाच आवडतो.

या संध्याकाळचे वेगळे पैसे घ्यावेत का? हल्ली बऱ्याच ठिकाणी घेतात. कुठे आतषबाजी बघायला दोरी लावून राखलेली जागा विकतात, कुठे मिरवणुकीच्या पुढच्या रांगेची फी असते, तर कुठे संध्याकाळी दिवसाची माणसं बाहेर काढून त्याच पार्कात नव्या तिकिटावर नवी माणसं आत घेतात. यावर बोलणारे दोन बाजूंना उभे असतात. एक म्हणतात, ही उघड लूट आहे. दुसरे म्हणतात, परवडत नसेल तर घेऊ नका, कुणी गळ्याला चाकू लावलाय का? मला दोन्ही पटत नाहीत. दुसरं जरा जास्तच पटत नाही.

आधी खर्चाचं बघू, कारण पार्कवाले सगळ्यात आधी तेच पुढे करतात, आणि त्यात खोटं काही नाही. रात्री दोन तास जास्त उघडं राहायचं म्हणजे नुसते फटाके आणून भागत नाही. राइड चालवणारे, झाडणारे, रांगा लावणारे, गाड्या हाकणारे, नाचणारे, त्यांचे कपडे सांभाळणारे, असे सगळे जास्त वेळ लागतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या पार्कात २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ कलर’ हा पाण्याचा खेळ सुरू झाला, त्यासाठी तळ्यात बाराशेच्या आसपास कारंजी बसवली आहेत. बाराशे तोंडं रोज संध्याकाळी चालली पाहिजेत म्हटल्यावर ती रोज सकाळी कुणीतरी तपासायला हवीत.

पण या खर्चाची एक गंमत आहे. तो बघणाऱ्यांच्या संख्येवर हलत नाही. पाच हजारांनी बघितलं काय नि दहा हजारांनी बघितलं काय, रॉकेटं तेवढीच उडतात. वॉल्टर ओई या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये नेमक्या याच विषयावर एक निबंध लिहिला होता. डिस्नीलँडने पैसे गेटवर घ्यावेत की राइडगणिक, असा त्याचा प्रश्न. तो अजूनही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. गणितं सोडून त्याचं सार सांगायचं तर, गिऱ्हाइकं साधारण एका आवडीनिवडीची असली, तर एक माणूस वाढल्याने जेवढा खर्च वाढतो तेवढाच त्या राइडला लावावा आणि बाकीची कमाई गेटवर करावी. हाच न्याय आतषबाजीला लावला तर तिची वेगळी किंमत शून्यावर येते. माझ्या बघण्याने आकाश झिजत नाही.

झिजते ती जमीन. म्हणजे उभं राहायची जागा. आतषबाजी कितीही जणांना पुरते, पण झाड आड न येता, पुढच्याच्या खांद्यावरचं पोर आड न येता बघायची जागा थोडीच असते. ‘आतषबाजीचं तिकीट’ म्हणून जे विकतात ते खरं तर या मोकळ्या चौरस फुटांचं भाडं असतं. हे ध्यानात घेतलं की भांडण बरंच सोपं होतं. खेळ महाग आहे की स्वस्त, हा वाद उरत नाही. सगळ्यांनी मिळून गेटवर पैसे भरून घेतलेली जागा पुन्हा कुणाला आणि किती विकायची, एवढाच उरतो.

मुळात रात्रीचा खेळ कुणी कनवाळूपणाने सुरू केलेला नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये व्हॉक्सहॉलची बाग होती. जोनाथन टायर्स या माणसाने १७३२ मध्ये तिला नवं रूप दिलं, आणि पुढे कित्येक दशकं एका शिलिंगात आत जाता येई. बाग उघडायचीच संध्याकाळी. गाणंबजावणं असायचं, झाडांच्या रांगांमधून फिरणं असायचं, आणि अंधार पडला की शिट्टी व्हायची. जागोजागी उभे असलेले नोकर वाती पेटवायचे, आणि शेकडो दिवे जवळजवळ एकदमच लागायचे. त्याचे वेगळे पैसे नव्हते. टायर्सची कमाई जेवणावर व्हायची. तिथल्या हॅमच्या चकत्या इतक्या पातळ असत की कापणारा कसबी असेल तर एका हॅममध्ये तो अख्खी बाग झाकून काढील, अशी थट्टा लंडनभर चाले. दिवे फुकट, हॅम महाग. मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो. हॅम नको असेल तर घरून जेवून या, दिवे तुमचेच आहेत.

१९०३ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला ‘लुना पार्क’ सुरू झालं तेव्हाही हेच. अडीच लाख विजेचे दिवे, आणि आत जायला दहा सेंट. घरात वीज नसलेल्या माणसांना ते दिवे लांबून दिसायचे आणि ती चालत यायची. त्या काळी रात्रीचा झगमगाट ही पार्कची जाहिरात होती, आणि जाहिरातीचे पैसे कुणी गिऱ्हाइकाकडून मागत नाही.

पण सगळ्यात मजेशीर उदाहरण डिस्नीलँडचं. १९५५ मध्ये ते उघडलं तेव्हा गेटचं तिकीट वेगळं आणि आत प्रत्येक राइडचं वेगळं होतं. लवकरच कूपनांची वही आली. ‘ए’ कूपन म्हणजे किरकोळ राइड, आणि १९५९ मध्ये आलेलं ‘ई’ म्हणजे सगळ्यात भारी. लोक वह्या हातात धरून हिशेब करत फिरायचे. संध्याकाळ झाली की मात्र कूपन लागत नसे. उन्हाळ्यातली आतषबाजी कूपनाविना बघायला मिळे. १९६१ मध्ये तिच्यात टिंकर बेल नावाची परी उडायला लागली. ही परी म्हणजे टायनी क्लाइन, सर्कशीत उभी हयात गेलेली सत्तरीची बाई. मॅटरहॉर्नच्या नकली शिखरावरून तारेला लटकून ती किल्ल्यावरून सर्रकन जायची. (सत्तराव्या वर्षी! आणि मी सपाट जमिनीवर बाकावर बसते.) १९७२ मध्ये दिव्यांची मिरवणूक सुरू झाली, तिलाही कूपन नव्हतं.

पुढे चित्र पालटलं. टेक्सासच्या ‘सिक्स फ्लॅग्ज’ने १९६१ पासूनच गेटवर एकदाच पैसे घ्यायची पद्धत धरली होती. १९८२ मध्ये डिस्नीलँडनेही कूपनांच्या वह्या बंद केल्या. एकच तिकीट, दिवसभर वाटेल तेवढं फिरा. म्हणजे आधी सगळ्याचे पैसे लागायचे आणि रात्र तेवढी मोकळी होती. आता सगळं एका तिकिटात आलं आहे, आणि आकडा लावला जातोय तो रात्रीवर. राइडच्या रांगेतून पुढे घुसायचे पैसे घेतात ते वेगळंच, त्यावर बोलायला बसले तर हा लेख संपायचा नाही.

याचा अर्थ रात्रीला कधीच वेगळी किंमत नसावी असं मी म्हणत नाही. फ्रान्समधल्या प्यु द्यू फू या पार्कचं उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. तिथे ‘सिनेसेनी’ नावाचा रात्रीचा भव्य खेळ होतो. पडक्या किल्ल्यासमोर, उघड्यावर, दोन हजारांहून जास्त स्थानिक माणसं त्या मुलुखाचा इतिहास उभा करतात, आणि तीही बिनपगारी. हा खेळ १९७८ चा. दिवसाचं पार्क त्यानंतर, १९८९ मध्ये आलं. आजही सिनेसेनीचं तिकीट वेगळं असतं, खेळ उन्हाळ्यातल्या मोजक्याच रात्री होतो, आणि त्याबद्दल मी तरी कुरकुर करणार नाही. दिवसाच्या तिकिटातून काही काढून तो उभा केलेला नाही. तो आधीपासून आपल्या पायावर उभा आहे. शिवाय पार्क रात्री उघडं असलं की तळ्यावरचा वेगळा खेळ दिवसाच्याच तिकिटात बघायला मिळतो, तेव्हा सिनेसेनीला न जाणाराही रिकाम्या हाताने परतत नाही.

भुताखेतांच्या रात्रीही मी याच खात्यात टाकीन. कॅलिफोर्नियातल्या ‘नॉट्स बेरी फार्म’ने १९७३ मध्ये हॅलोवीनची घाबरवणारी रात्र सुरू केली, आणि तिला वेगळं तिकीट असतं. त्यासाठी वेगळे कलाकार, वेगळे मुखवटे आणि अंधारे बोळ उभे करतात. दिवसा तिथे येणाऱ्या पाच वर्षांच्या पोराने संध्याकाळी करवत घेऊन अंगावर येणारा माणूस बघू नये असंच त्याच्या आईला वाटत असतं. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लावा दोन तिकिटं.

माझी कसोटी एवढीच आहे. ज्याने जास्तीचे पैसे भरले नाहीत, त्याच्या हातातून काय गेलं? काहीच गेलं नसेल तर खुशाल घ्या पैसे.

आता गेल्याचं सांगते. एका पार्कात (नाव राहू दे) बहीण, मी आणि माझी भाची असे गेलो होतो. साधारण साडेपाच वाजता मुख्य चौकात घडीची टेबलं मांडली गेली. गणवेशातली पोरंपोरी आली आणि काही जणांच्या मनगटावर नारिंगी पट्टे बांधायला लागली. अंधारात चमकणारे. आम्हाला वाटलं, सगळ्यांनाच मिळणार असतील. मग ध्वनिक्षेपकावरून मधाळ आवाजात आलं की आमच्या दिवसाच्या पाहुण्यांनी आम्हाला भेट दिल्याबद्दल आभार, आज पार्क सहा वाजता बंद होत आहे. बंद होत कसलं होतं! आमच्यासाठी बंद होत होतं. सहाला त्या पोरापोरींनी हातात हात धरून रस्त्याच्या रुंदीची साखळी केली आणि हसतमुखाने, पावलापावलाने आम्हाला गेटकडे सरकवायला सुरुवात केली. इतक्या गोड पद्धतीने मला आजवर कुणी हाकललेलं नाही. समोरून पट्टेवाली माणसं आत येत होती, आम्ही बाहेर जात होतो, आणि मधे दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांकडे बघत होती. भाचीला आतषबाजीचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिला तो पट्टा हवा होता. ‘मावशी, माझ्या हाताला नाही का बसणार तो?’ एवढंच ती विचारत राहिली.

मी तिकीट काढून बघितलं. ‘वेळेत बदल होऊ शकतो’ असं बारीक अक्षरात होतं, आणि किंमत एरवीचीच. आमच्या दिवसातून संध्याकाळ कापून ती दुसऱ्यांना विकली गेली होती, आणि दिवसाचा भाव मात्र पुरा लावला होता. दुकानदाराने ठाणातून तुकडा आधीच कापून ठेवावा आणि उरलेला अखंड म्हणून मोजून द्यावा, तशातली गत.

हा प्रकार आता चांगला रुळला आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात १९९५ पासून हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची रात्र असते. सुरुवातीला ती एका रात्रीपुरती होती. आता अशा रात्री ऑगस्टपासूनच सुरू होतात आणि हॅलोवीन संपला की नाताळच्या लागतात. त्या रात्री दिवसाच्या तिकिटवाल्यांना सहाला निघावं लागतं. बाजू मांडणारे म्हणतात की रात्री माणसं मोजकी सोडतात, रांगा छोट्या असतात, खेळही त्या रात्रीपुरता खास असतो, आणि जाऊन आलेले खूश असतात. असतीलच. मीही झाले असते. पट्टा हाताला असला की साखळी दिसत नाही.

राखीव जागांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. तिथे माझं मन इतकं ठाम नाही. टोकियो डिस्नीलँडने २०२२ पासून मिरवणूक आणि रात्रीच्या खेळाच्या ठरावीक जागा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. पण मग असंही वाटतं की फुकटची जागा तरी फुकट कुठे असते? पुढे बसायचं तर तास-दीड तास आधी जाऊन बूड टेकावं लागतं. ज्याच्यापाशी वेळ आहे, दमसास आहे, ज्याला लघवीला जायची घाई होत नाही, त्यालाच ती परवडते. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा दोन वर्षांच्या पोराला घेऊन आलेल्या बापाला ती किंमतही जडच. त्यांनी चार पैसे टाकून ऐनवेळी येऊन बसायची सोय करून घेतली तर त्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

माझं भांडण आहे ते प्रमाणाशी आणि मोक्याच्या जागेशी. त्यात एक तांत्रिक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आभाळात फुटणारा गोळा चहूबाजूंनी सारखाच दिसतो. त्याला पुढची बाजू नसते. त्यामुळे पूर्वी आतषबाजी पार्कात कुठूनही बघितली तरी चालायचं, गेटबाहेरच्या गाडीतळावरूनही चालायचं. आता मात्र खेळ किल्ल्याच्या भिंतीवर प्रकाशचित्रं टाकून होतो, पाण्याच्या पडद्यावर होतो, ड्रोनची चित्रं आकाशात उमटतात. या सगळ्यांना तोंड आहे. बाजूने बघितलं तर ड्रोनचा पक्षी म्हणजे नुसते विस्कटलेले ठिपके. मागून बघितलं तर किल्ल्याची भिंत काळीकुट्ट. म्हणजे तंत्र पुढे गेलं आणि बघण्याजोगी जागा आक्रसली. जी आक्रसली ती विकाऊ झाली. आधी आकाशाला दोरी लावता येत नव्हती. आता खेळच असा रचतात की दोरी लावण्यात अर्थ उरेल. कुणी बसून हा डाव आखला असेल असं माझं म्हणणं नाही, पण डाव चांगला बसला आहे एवढं खरं.

म्हणून किल्ल्यासमोरची ऐन मधली पट्टी दोरीआड गेली की मला खटकतं. तिथे राखीव माणसं आरामात हातपाय पसरून उभी असतात आणि दोरीबाहेर लोक दाटीवाटीने टाचा उंचावत असतात.

‘मग गेटचंच तिकीट वाढवा, सगळ्यांनाच सगळं द्या’ असं कुणी म्हणेल, तर तेही सरळ नाही. ज्यांची तान्ही पोरं सातला झोपतात ते पाचलाच निघतात. त्यांनी न बघितलेल्या कारंज्यांचे पैसे का भरावेत? पण हा प्रश्न विचारणाऱ्या पार्कवाल्यांनी त्याचं दुसरं टोकही धरावं. संध्याकाळ वेगळी वस्तू आहे असं म्हणता ना, मग संध्याकाळ नसलेला दिवस स्वस्त करा. उलट बाजूने हे टोकियोत होतंच. कामावरून सुटून येणाऱ्यांसाठी तिथे संध्याकाळपुरतं तिकीट आहे, पुऱ्या दिवसाहून कमी पैशांत. संध्याकाळचा भाव त्यांना काढता येतो, तर तो दिवसातून वजा करणं काही अवघड गणित नाही.

आणि काही जण हे काहीच न करता सुखाने चालवतातच. नेदरलँड्समधल्या ‘एफ्टेलिंग’ने २०१२ मध्ये साठी साजरी करताना ‘अक्वानुरा’ हा कारंज्यांचा खेळ सुरू केला. दिवस संपताना तळ्याकाठी उभं राहायचं, बघायचं आणि घरी जायचं. वेगळं तिकीट नाही. त्यात पार्कचाही स्वार्थ आहेच. गर्दी शेवटपर्यंत थांबते आणि थांबलेली गर्दी काही ना काही खाते, विकत घेते. टायर्सचं हॅम वेगळ्या रूपात अजून चालू आहे. चालू दे.

माझं मागणं फार मोठं नाही. पार्क ज्या दिवशी सहाला बंद होणार असेल त्या दिवशीच्या तिकिटावर ‘सहा’ हा आकडा किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि किंमत त्या हिशेबाने उतरवा. बाजूच्या जागा, गच्च्या, जेवणाची टेबलं खुशाल विका. मधल्या पट्टीतली दोरी मात्र काढा. पार्कवाले यावर गर्दीच्या नियोजनाची मखलाशी करतील, आणि दोरी काढायला त्यांना पुढचा हंगाम सोयीचा नसेल. पण तोवर गेटवरच्या पोरापोरींना दर वेळी मी एकच प्रश्न विचारणार आहे, तिकीट काढायच्या आधी: ‘आज आम्हाला बाहेर कधी काढणार?’